वठलेल्या झाडाचे वारस

घरात वाळवी शिरली की गृहिणीचे धाबे दणाणते. दाराच्या चौकटीवर मातीची बारीकशी रेघ दिसावयाचा अवकाश, की औषधाची फवारणी, सुताराला बोलावणे, पुस्तकांचे कपाट रिकामे करणे अशी एकच धांदल उडते. आणि ते योग्यच आहे. आयुष्याच्या कमाईतून उभारलेल्या घराची दारे कोणी पोखरू द्यावीत? परंतु घराच्या उंबऱ्याबाहेर, रानात, हा न्याय लागू पडत नाही. तेथे मेलेले लाकूड कुजले नाही तरच संकट ओढवावयाचे. ते कुजविण्याचे मुख्य काम बुरशी आणि वाळवी करतात, हे आपण शाळेत शिकलो. या कामात सायाळ, रानडुक्कर, अस्वल, खवले मांजर, हरीण, उदमांजर यांसारखे मोठे सस्तन प्राणीही गुंतलेले आहेत, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हैदराबादेत राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्यासाठी फार दूर जावयास नको. जुबिली हिल्सच्या मध्यभागी सुमारे दीडशे हेक्टरांचे कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान आहे. निजामाच्या घराण्यातील चिरान महालाचा हा परिसर १९९८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. कडेच्या वाटेवर सकाळ-संध्याकाळ माणसांची रीघ असते आणि कुंपणाच्या आत मात्र मोर, मुंगूस, सायाळ यांचा संसार चाललेला असतो. पाऊसकाळात अशा ठिकाणी एखादे जुने झाड आडवे पडलेले दिसते. साल सुटलेली, अंगावर पांढऱ्या-पिवळ्या अळंब्यांचे थर, बुंध्याशी मातीची पुटे. पाहणारा चटकन म्हणतो, "हा कचरा कोणी उचलीत कसा नाही?" या प्रश्नाचे उत्तर त्या ओंडक्याच्या आतच आहे.

लाकूड कुजते म्हणजे काय होते?

लाकडाच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास कर्ब असतो. नत्राचे प्रमाण मात्र शेकडा अर्ध्याहूनही पुष्कळ कमी. म्हणजे पोटभर अन्न आहे, पण त्यात सत्त्व थोडे, अशी ही शिधासामग्री. शिवाय लाकडातील तंतू एकमेकांस घट्ट जखडून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य इतके चिवट, की ते फोडण्याची विद्या फारच थोड्या जीवांस साधली आहे. काही बुरश्या हे लिग्निन खाऊन टाकतात; त्यांनी कुजविलेले लाकूड पांढरट व धाग्याधाग्यांचे होते. दुसऱ्या काही बुरश्या लिग्निन बाजूस ठेवून बाकीचे खातात. त्यांचे लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठिकऱ्यांनी फुटते.

बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील ओलावा शेकडा वीसच्या खाली गेला, की तिचे काम थांबते. हैदराबादेस वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले महिने रान वाळून कोळ होते. या कोरड्या दिवसांत लाकडाचा समाचार घेते ती वाळवी. ती आपल्याभोवती मातीचे ओलसर छप्पर उभारते आणि त्याच्या आडोशाने भर उन्हाळ्यातही चरत राहते. दख्खनच्या पठारावर वारुळे बांधणाऱ्या वाळवीच्या पोटी तर याहूनही मोठे कसब आहे. लाकूड चावून आणून ती वारुळाच्या आतल्या दालनांत त्याचा मळा रचते आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी पिकविते. जे वाळवीला पचत नाही ते बुरशी पचविते आणि मग वाळवी त्या पिकावर जगते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रुचकर अळंबी ही याच मळ्यातली. आपल्याकडे मुले अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणतात. तेलुगू भाषेत अळंबीला 'पुट्टगोडुगु' म्हणजे 'वारुळाची छत्री' हा शब्द आहे. शेजाऱ्यांच्या भाषेने येथे निसर्गाचे निरीक्षण अधिक नेमके केले आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे.

हा सारा व्यवहार केवढा मोठा आहे, याचा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनावरून येतो. सहा खंडांतील ५५ ठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवून, काहींना किडे पोहोचू देऊन व काहींना जाळीने झाकून, शास्त्रज्ञांनी मोजमाप केले. जगातील मेलेल्या लाकडातून वर्षाला सुमारे ११ अब्ज टन कर्ब मोकळा होतो आणि त्यातला शेकडा २९ भाग किड्यांच्या हातून होतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पुढल्याच वर्षी १३३ ठिकाणच्या दुसऱ्या एका प्रयोगाने दाखविले, की तापमान दहा अंशांनी वाढले असता सूक्ष्मजीवांचे लाकूड कुजविण्याचे काम सुमारे दुप्पट होते. वाळवीने लाकूड हुडकून खाण्याचे प्रमाण मात्र ६.८ पटींहूनही अधिक वाढते. पृथ्वी तापत चालली असता वाळवीच्या हातात किती कारभार जाणार, हे यावरून कळते. मग त्या वाळवीला आवर घालणारे, बुरशीला वाट करून देणारे प्राणी कोण, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

दार उघडणारे

झाडाची साल ही त्याची तटबंदी होय. ती शाबूत आहे तोवर बुरशीला आत शिरणे अवघड. ही तटबंदी फोडणारा पहिला प्राणी सायाळ. हिला कोणी साळिंदर म्हणतात, कोणी साळू. रात्री बिळातून बाहेर पडावे, कंदमुळे उकरावीत, झाडाच्या बुंध्याची साल कुरतडावी, गळून पडलेली हरणाची शिंगे आणि हाडेसुद्धा चघळावीत, असा तिचा क्रम. सालीचा थोडा भाग गेला तर जखम भरून येते, परंतु त्याच जखमेतून बुरशीचे बीजाणू आत उतरू शकतात. बुंध्याभोवती पुरते कडे कुरतडले गेले, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाण्याची वाट तुटते आणि झाड उभ्याउभ्या वठते. वनखात्याच्या लागवडीत सायाळीचा उपद्रव होतो तो यामुळेच. लागवडीच्या दृष्टीने ती चोर खरी. पण जुन्या रानाच्या दृष्टीने पाहिले तर अधूनमधून एखादे वठलेले झाड उभे करून देणारी ती कारागीरही आहे.

सांबर आणि चितळ यांचे नर शिंगांवरील मखमली कातडे सुटू लागले म्हणजे झाडांच्या खोडांवर शिंगे घासतात. त्यांनीही साल सोलवटते आणि तेथूनही बुरशीचा प्रवेश होतो. हरणांच्या कळपाचे दुसरे काम त्यांच्या खुरांनी होते. वाळकी फांदी अधांतरी, दुसऱ्या फांदीवर टेकून राहिली तर ती वर्षानुवर्षे कोरडीच राहते. तीच खुराखाली मोडून मातीला लागली, की जमिनीचा ओलावा तिच्यात चढतो आणि कुजणे वेगाने सुरू होते. हरणांच्या लेंड्या व मूत्र यांतून जो नत्र पडतो, तो तर लाकडात ज्याची वाण असते तोच. शहराच्या पूर्वेस वनस्थळीपुरमजवळ महावीर हरिण वनस्थळी आहे. पूर्वी निजामाचे शिकारीचे रान असलेली ही सुमारे साडेचौदा चौरस किलोमीटरांची भूमी १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झाली. तेथे काळवीट आणि चितळ चरताना दिसतात. ते चरतात तसे रानाला खतही घालतात.

परंतु याच हरणांचा परिणाम उलटही होऊ शकतो. रोपटी खाऊन खाऊन त्यांनी झाडोरा विरळ केला, तर ऊन थेट जमिनीवर येते, ओंडके वाळतात आणि बुरशीचे काम मंदावते. एकच प्राणी एका परीने वेग देतो व दुसऱ्या परीने खीळ घालतो. म्हणून अमुक प्राणी उपकारक आणि तमुक अपकारक, असा झटपट निवाडा करण्यात अर्थ नाही.

रानडुकराचे काम मात्र नांगरटीचे. सुळे आणि नाक यांच्या जोरावर तो ओंडका उलथतो, खालच्या अळ्या व कंद खातो, आणि पालापाचोळा, माती व कुजलेल्या लाकडाचा भुगा एकत्र कालवून पुढे जातो. ज्या शेतकऱ्याचा भुईमूग त्याने रातोरात उकरला आहे त्याला हे कौतुक पटणार नाही, आणि त्याचा राग रास्तही आहे. तथापि शेतात जो धुडगूस तोच रानात मशागत ठरतो. सायाळीच्या उकरण्याचेही तसेच. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात याच जातीच्या सायाळीने खणलेल्या लहान लहान खड्ड्यांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी, पाचोळा आणि बी साचून तेथे भोवतालच्या उघड्या जमिनीपेक्षा अधिक झाडोरा उगवतो, असे त्यांस आढळले.

वाळवीचे शत्रू

हैदराबादेहून श्रीशैलमच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की काही तासांत नल्लमल्लाच्या डोंगररांगा लागतात. २०१४ साली तेलंगणा राज्य निराळे झाल्यावर तेथील व्याघ्र प्रकल्पाचा जो भाग या राज्याकडे आला, तो आज अमराबाद व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. सुमारे २,६०० चौरस किलोमीटरांचे हे शुष्क पानझडी रान. मराठवाड्याच्या वाचकांनी किनवटकडचे सागवानी रान डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे त्याची कल्पना येईल. शहरातील उद्यानांत जे प्राणी मावत नाहीत ते येथे आहेत, आणि त्यांतला वाळवीचा मोठा शत्रू म्हणजे अस्वल.

या अस्वलाचे सारे तोंडच वाळवीसाठी घडविलेले आहे. वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात त्याला नसतात. तेथे मोकळी फट असते. ओठ लांब व हलते, नाकपुड्या हवे तेव्हा मिटता येणाऱ्या. लांब नखांनी वारूळ फोडावयाचे, फुंकर मारून माती उडवावयाची आणि मग ओठांची नळी करून वाळवी शोषून घ्यावयाची, हा त्याचा परिपाठ. त्याच्या त्या शोषण्याचा आवाज रात्रीच्या शांततेत बराच दूरवर ऐकू जातो. वाळवी लागलेला ओंडकाही तो असाच चिरफाडून टाकतो. यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. वाळवी खाल्ली गेल्याने तिचे काम तेवढे मंदावते. आणि ओंडका फुटल्याने पाणी, हवा व बुरशी यांना आतला गाभा मोकळा मिळतो. अमेरिकेतील काळी अस्वलेही मुंग्यांच्या अंड्यांसाठी कुजके ओंडके असेच फोडतात.

दुसरा शत्रू खवले मांजर. याला दात नाहीत. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपावयाची, संकट आले की अंगाचे चेंडूसारखे वेटोळे करून खवल्यांच्या आत दडावयाचे, एवढाच या बापड्याचा संरक्षणाचा उपाय. वाघापुढे तो कामी येतो. माणसापुढे येत नाही. वेटोळे झालेले जनावर उचलून पोत्यात घालावयास कितीसे श्रम पडणार? खवल्यांच्या चोरट्या व्यापारापायी हा प्राणी विनाशाच्या काठावर आला आहे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे गेलेली संख्या भरून यावयास फार काळ लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत, त्याचे नाव आहे. २०१६ साली जगातील राष्ट्रांनी सर्व जातींच्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरविले. रानातून चोरलेल्या प्राण्याचे मांस वा कातडे पकडले गेले, तर ते कोणत्या प्राण्याचे हे जनुकांवरून ओळखण्याचे काम ज्या प्रयोगशाळेत होते, तीही हैदराबादेतच, कोशिकीय व आण्विक जीवशास्त्र केंद्राच्या छत्राखाली आहे. आपल्या शहराला भूषणावह अशीच ही गोष्ट होय.

ढोलीतील देवघेव

कुजणे नेहमी झाड मेल्यावरच सुरू होते असेही नाही. पुष्कळ जुनी झाडे बाहेरून हिरवीगार असतात आणि आतला गाभा मात्र पोकळ असतो. अशा ढोलीत उदमांजर दिवसा झोप काढते, खार घरटे करते, वटवाघळे लटकतात. त्यांची विष्ठा, उष्टेखरकटे, केस हे सारे ढोलीच्या तळाशी साचते, आणि ज्या नत्राची लाकडात टंचाई, तो तेथे आयता पोहोचतो. १९७६ साली डॅनियल जॅन्झन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक विचारप्रवर्तक कल्पना मांडली. पोकळ गाभा हे झाडाचे दुखणे नसून सोयच असावी. आत राहणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेचे खत झाडाच्या मुळांस मिळत असावे, असा त्याचा तर्क. भाडेकरूकडून घरमालकाने भाडे घ्यावे, तसाच हा प्रकार.

जे ढोलीचे तेच पडलेल्या ओंडक्याचे. त्याच्याखाली उंदीर, चिचुंदरी, मुंगूस आसरा घेतात. त्यांच्या बिळांतून हवा व पाणी आत खेळते. पुष्कळ लहानमोठे प्राणी अळंब्या आणि जमिनीखालच्या बुरश्या खातात. त्यांतले बीजाणू पोटात न पचता विष्ठेवाटे दूरवर जाऊन पडतात. ओंडका प्राण्यांना पोसतो आणि प्राणी ओंडक्याला मातीकडे नेतात. ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून एक बाजू काढून घेतली की दुसरी लंगडी पडते.

हे प्राणी गेले तर?

२०२५ च्या मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथे सुमारे ४०० एकर जमिनीवर झाडोरा सपाट करण्याचे काम यंत्रांनी सुरू झाले. विद्यार्थी व नागरिक यांनी विरोध केला आणि ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला. त्या वादाच्या राजकीय बाजूत शिरण्याचे हे स्थळ नाही. आमच्या विषयापुरती एकच गोष्ट सांगावयाची आहे. काही दिवसांत पुष्कळ झाडे मेली म्हणजे जमिनीला भरपूर लाकूड मिळाले, असा हिशेब कोणी करू नये. ज्या जमिनीवरून सावली गेली, बिळे बुजली, हरिण पांगले आणि सायाळ निघून गेली, तेथे पडलेले लाकूड उन्हात तडकत राहते, नाहीतर वाहून नेले जाते. लाकूड तेच असले तरी त्याला मातीत पोहोचविणारे हात तेथे उरलेले नसतात. झाडे पुन्हा लावता येतात. खड्डे खणून, पाणी घालून, काही वर्षांत सावलीही मिळते. पण एका वठलेल्या झाडाभोवती जमलेला हा सारा गोतावळा रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

राष्ट्रीय उद्यानांपुरते कायद्याने थोडे शहाणपण दाखविले आहे. तेथून लाकूडफाटा वा इतर वनोपज काढून नेण्यास मनाई आहे. वन्यजीवांच्या हितासाठी व व्यवस्थेसाठीच, रीतसर परवानगीने, ते करता येते. ज्या गरीब बाईची चूल रानाच्या कडेच्या मोळीवर पेटते, तिच्यावर आमचा रोख नाही. तिला दुसरे जळण मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. आमचा रोख आहे तो सुस्थितीतल्या माणसाच्या टापटिपीच्या हट्टावर. बागेत, वसाहतीच्या आवारात, तळ्याकाठी, जेथे अंगावर पडण्याचा धोका नाही तेथेही, वाळलेली फांदी दिसली की ती तोडा, पाचोळा दिसला की तो जाळा, ओंडका दिसला की गाडी बोलवा, हा तो हट्ट. घरातला केर आणि रानातला ओंडका यांत अंतर आहे, एवढे जरी आपण मानले तरी पुष्कळ होईल.

एखाद्या रविवारी सायंकाळी मुलांना घेऊन अशा उद्यानात जावे. मोर दाखवावाच, पण एखाद्या पडलेल्या झाडापाशीही दोन मिनिटे थांबावे. त्याला हात न लावता, वाटेवरूनच पाहावे. सालीवरचे दातांचे ओरखडे, शेजारची उकरलेली माती, पडलेला एखादा काळा-पांढरा काटा, ओळीने उगवलेल्या अळंब्या. मुलांना विचारावे, रात्री येथे कोण कोण येऊन गेले असेल? उत्तरे मुलेच देतील. आणि घरी परतताना कोणी म्हणाले, "बाबा, ते झाड मेले आहे ना?" तर सांगावे, "होय बाळ, झाड मेले आहे; पण त्याचे काम अजून चालू आहे, आणि ते काम करणारे दिवसा झोपलेले आहेत."